डावा कल्ला

त्या गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा नखाएवढा वर असायचा. बाकी त्यांच्यात सारखं असं काही नव्हतं. शहराच्या टोकाला, जिथून पुढे रस्ताच नसल्यामुळे बसला वळावं लागतं, तिथली ही वस्ती. कुणी समुद्रापलीकडून आलेला, कुणी डोंगरापलीकडून, आणि दोन-चार घरं ‘आम्ही मूळचे इथलेच’ असं सांगून बाकीच्यांना हसवणारी. भाषा घरागणिक वेगळी, देव वेगळा, सुट्टीचा वार वेगळा. एकमेकांच्या पोरांची लग्नं जुळायला लागली की अर्धी गल्ली नाक मुरडायची, आणि लग्नात जेवायला तीच अर्धी गल्ली सगळ्यांच्या आधी हजर असायची. पण डोकं कुणाचंही असो, ते महिन्याकाठी मामांच्या खुर्चीत यायचं आणि उठताना डावा कल्ला वर घेऊनच उठायचं.

मामा हे खरे मामा होते ते एकाच मुलीचे. पण ती भाची लहानपणी सलूनच्या पायरीवर बसून दिवसभर “मामा, मामा” करायची, तेव्हा गल्लीनेही तेच नाव उचललं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माणूस सरळ, हात इतका हलका की कात्री चालतेय की नाही हे गिऱ्हाइकाला कळायचंही नाही. फक्त तो कल्ला. निवृत्त पोस्टमन तर दर वेळी आरशात मान तिरकी करून विचारायचा, “मामा, मी वाकडा आहे की तुम्ही?” मामा म्हणायचे, “उजेड एका बाजूने येतो हो, सावली पडते.” शेवटी पोस्टमनने स्वतः स्टुलावर चढून दुसऱ्या बाजूला दिवा लावून दिला. कल्ला होता तिथेच राहिला.

सलूनच्या आरशात, गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून, रस्ता दिसायचा आणि रस्त्यापलीकडे टेलरबाईंचं दुकान. नवरा गेल्यावर बाईंनी एका मशीनवर मुलाला वाढवलं, शिकवलं आणि दूरच्या शहरात नोकरीला धाडलं. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या, आणि त्या टाचण्या न पाडता समोरच्याला चार गोष्टी सुनावण्याची कला. मामांनी त्यांना इतकी वर्षं पाहिलं ते आरशातच. धंदाच तसा, पाठ रस्त्याकडे आणि तोंड भिंतीकडे. त्यामुळे मामांच्या मनातल्या टेलरबाई डाव्या हाताने कापड कापायच्या आणि त्यांचा तीळ उजव्या गालावर होता. खऱ्या बाई त्याच्या बरोबर उलट होत्या. रस्त्यात समोरासमोर गाठ पडली की मामा गोंधळायचे आणि “काय बाई, बरं आहे ना” एवढं चपलांना सांगून सटकायचे.

शिवाय बाई ‘त्यांच्यातल्या’ आणि मामा ‘आपल्यातले’. ‘ते’ कोण आणि ‘आपण’ कोण, हे अर्थात सांगणारा कुठल्या घरातला आहे यावर अवलंबून होतं. पण दोघं एकातले नव्हेत यावर मात्र गल्लीचं एकमत होतं. इतकं एकमत कचऱ्याच्या डब्याच्या जागेवरही कधी झालं नव्हतं.

तर अशा या गल्लीत भाचीने सिनेमा काढला. ऑफिसातली चांगली नोकरी सोडून काढला. तिची आई आठवडाभर बोलेना, आणि मामांनी मेकअपला सलून देऊन टाकलं. कुणा बड्या कंपनीचा पाठिंबा नव्हता, कुणी नावाजलेला नट नव्हता. गोष्ट साधी. वायरमन आणि नर्स, दोघं वेगवेगळ्या समाजातले, दोघांच्या घरचे हटून बसलेले. हीरो गल्लीतलाच खराखुरा वायरमन, हिरॉईन दोन घरं सोडून राहणारी खरीखुरी नर्स. बाहेरची म्हणून एकटी कॅमेरावाली. ती आणि तिचा कॅमेरा महिनाअखेरपर्यंतच मिळणार होते. पुढे ती दुसऱ्या कामाला बांधलेली.

कॅमेरावालीने पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि काढला. “या सगळ्यांचा एकच कल्ला वर का? इकडची काही पद्धत आहे का?”

“पद्धतच समज,” भाची म्हणाली. “आमच्यात तेवढीच एक सगळ्यांची मिळून आहे.”

सिनेमात मामा होते वायरमनचे वडील आणि टेलरबाई नर्सची मावशी. लग्नाला कडाडून विरोध करता करता हे दोघं म्हातारेच एकमेकांच्या ओढीला लागतात, अशी गंमत होती. शेवटच्या दृश्यात मावशी गाव सोडून निघालेली, दोघं बसस्टॉपच्या बाकावर बसलेले. मागे बस येऊन थांबते, वायरमन उतरतो, नर्स धावत येते. आणि पुढे बाकावर वडील म्हणतात, “बस आली तरी उठू नका. मला सवय झालीय तुमची.” हे दोघं कशावरून निवडले असं भाचीला विचारलं, तर ती म्हणायची, “समोरासमोर राहतात, बोलवायला लांब जायला नको.” पोरगी लहानपणापासून पायरीवर बसून दोन्ही दुकानं बघत आली होती. पण ताकास तूर लावेल तर शपथ.

पहिल्या तालमीच्या दिवशीच टेलरबाईंनी टाचण्या ओठांतून काढल्या. त्या अर्थी बोलणं महत्त्वाचं होतं. “मी महिनाअखेर मुलाकडे चालले. कायमची. नातवाला बघायला कुणी नाही तिथे. दुकान मालकाने दुसऱ्याला देऊनही टाकलं. पण तुझा सिनेमा पुरा झाल्याशिवाय पाऊल उचलायची नाही, हा माझा शब्द.”

“मावशी, सिनेमा तेव्हापर्यंत होतोच पुरा,” भाची म्हणाली.

 त्या दिवशी मामांनी एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही कानांवर साबण लावला आणि दाढी करायचं विसरले. आरशात बाई नसतील तर आरशाकडे तोंड करून उभं राहायचं कशाला, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला, आणि पडला तो जाईच ना. सांगावं, जाऊ नका म्हणून. पण कुठल्या तोंडाने? जन्मात ज्या बाईशी तब्येतीपलीकडे बोललो नाही, तिला एकदम मुलगा-नातू सोडून इथेच राहा म्हणायचं? रोज सकाळी मामा मनाशी ठरवायचे आणि संध्याकाळी सलून बंद करताना उद्यावर ढकलायचे.

मग तो रविवार उजाडला. शेवटच्या दृश्याला दोनच दिवस उरलेले. वायरमनला मेकअपसाठी आणून खुर्चीत बसवलं होतं. दुसरीकडे नर्सचं एकटीचं दृश्य चाललेलं, त्याला वाट बघायची होती. बिचारा सकाळपासून खऱ्या कामावर जाऊन आलेला, टेकल्या टेकल्या घोरायला लागला. या पोराने सिनेमासाठी महिनोन्‌महिने केसांना कात्री लावली नव्हती. कपाळावर दाट झुलपं आली होती आणि त्या झुलपांवरच सगळी गोष्ट उभी होती. ती डोळ्यांवर येतात म्हणून त्याचा हात चुकतो, दवाखान्याची वीज जाते, अंधारात नर्स त्याच्यावर खेकसते, आणि तिथून पुढचं सगळं. शेवटी बसमधून उतरल्यावर ती त्याची झुलपं हाताने मागे सारते.

मामा खुर्चीमागे उभे होते. आरशात टेलरबाई स्टुलावर चढून दुकानाचा पडदा काढत होत्या. पडदा उतरला, मग दोऱ्याच्या रिळांची फळी उतरली, मग भिंतीवरचा कडा झिजलेला, मापांचा मोठा कागद. दुकानाची भिंत इतकी उघडी मामांनी कधी पाहिली नव्हती. ते बघत राहिले. खुर्चीत डोकं होतं, डोक्यावर वाढलेले केस होते, हाताशी कात्री होती. हातांनी आपणहून कापड झटकलं, मानेभोवती बांधलं, कंगव्याने झुलपं वर घेतली.

मामा भानावर आले ते कॅमेरावालीच्या आवाजाने. ती दारात उभी राहून फार हळू म्हणत होती, “काका, हे काय केलंत.”

खुर्चीत एक अत्यंत व्यवस्थित केस कापलेला वायरमन झोपला होता. डावा कल्ला नखाएवढा वर.

भाची धावत आली. आधी तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. “मामा, केसाने गळा कापलास माझा,” एवढंच ती बोलली आणि पायरीवर जाऊन बसली, लहानपणी बसायची तिथेच. मामांना वाटलं, तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. गल्लीच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. पोस्टमनचं म्हणणं, मामांनी मुद्दाम केलं. “अहो, सरळ हिशोब आहे. केस वाढायला दोन-तीन महिने. तोवर सिनेमा अडकला. सिनेमा अडकला की बाई अडकल्या, शब्द दिलाय त्यांनी.” लोकांनी माना डोलावल्या. मामांबद्दल सगळ्यांना एकदम आदर वाटायला लागला, आणि तो आदर मामांना फार टोचत होता. मुद्दाम करण्याइतकी अक्कल असती तर माणूस इतकी वर्षं आरशाशी बोलत बसला असता का?

इकडे सलूनमध्ये मसलत चालू होती. टोपी घालावी, तर आधीच्या दृश्यात टोपी नाही. तयार टोप आणावा, तर कॅमेरावाली म्हणाली, जवळून दिसतं. शेवटचं दृश्य पुढे ढकलावं, तर कॅमेरा पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही. भाची नखं खात बसली होती. इतक्यात टेलरबाई रस्ता ओलांडून आल्या. सलूनमध्ये त्या याआधी मेकअपच्या पावडरीपुरत्या आल्या असतील. त्यांनी एकदा वायरमनच्या डोक्याकडे बघितलं, एकदा मामांकडे.

“कापलेले केस टाकलेत?”

“डब्यात आहेत,” मामा म्हणाले.

“मग त्यात रडण्यासारखं काय आहे? माझ्याकडे बारीक जाळी उरलीय थोडी. केस लावून द्या मला, मी शिवते. पुढची झुलपं तेवढी हवीत ना?”

भाचीने मान वर केली. मामांनी डबा उचलला.

डब्यात तीन-चार गिऱ्हाइकांचे केस एकत्र झाले होते. मामा खाली बसले आणि वेचायला लागले. वायरमनचे जरा जाड, किंचित लालसर, हाताला लागताच कळणारे. वेचलेले केस धुऊन, वाळवून, कागदावर ओळीने मांडायचे. मुळं एकीकडे, टोकं एकीकडे. चिमटीएवढा जुडगा झाला की मुळाशी दोरा गुंडाळून बाईंच्या हाती द्यायचा, त्यांनी तो जाळीच्या पट्टीवर टाक्यांनी बसवायचा. दुपारभर हेच चाललं. दाराला बाहेरून कुणीतरी ‘बंद’ची पाटी लावली होती, ती बहुधा भाचीनेच. आत सुईचा आणि पंख्याचाच काय तो आवाज.

मामांच्या शेजारच्या स्टुलावर खऱ्या टेलरबाई बसल्या होत्या. उजव्या हाताने शिवत होत्या. मामांना ते बघून चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, आणि तरी इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पट्टी निम्मी झाली तसा मामांच्या मनात एक विचार शिरला. प्रत्येक जुडग्यागणिक आपण बाईंना बसमध्ये बसवतोय. ही पट्टी नीट जमली की सिनेमा पुरा, सिनेमा पुरा की बाई मोकळ्या. आणि बिघडवायला काही लागत नव्हतं. उलटेसुलटे केस एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि घटकेत त्याचा असा गुंता होतो की कंगवा मोडेल. चार जुडगे फिरवून दिले की झालं. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मामांनी एक जुडगा उचलला, बोटांत फिरवला, मुळाच्या जागी टोक धरून दोरा गुंडाळला आणि दिला.

बाईंनी तो जाळीवर टेकवला, चिमटीने एकदा खालून वर चोळला आणि थांबल्या.

“हा उलटा आहे.”

मामांनी पुढचे केस वेचायला घेतले.

“कापलेत ते मुद्दाम नाही, हे मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “मी समोरच होते. हे मात्र मुद्दाम.”

मामांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी कान लाल करून हात पुढे केला. “द्या इकडे. सुलटा करून देतो.”

बाईंनी जुडगा लगेच दिला नाही. त्या कसली तरी वाट बघत असल्यासारख्या बसल्या. त्या क्षणी मामांनी बोलायला हवं होतं, हे तुम्हाला कळतंय, मला कळतंय, आणि मामांनाही कळत होतं. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. त्यांना पायरीवर बसलेली भाची आठवत होती. तिचं वाटोळं करून बाईंना अडकवायचं, आणि तेही त्यांना न विचारता, हे काही माणूसपणाचं काम नव्हतं. त्यांनी जुडगा घेतला, सोडवला, नीट लावून परत दिला. पुढचे सगळे जुडगे इतके नेटके आले की बाईंना एकदाही थांबावं लागलं नाही. संध्याकाळी वायरमनच्या कपाळावर पट्टी बसवली, त्याचे पुढचे केस तिच्यावर ओढून चाप लावले, तेव्हा कॅमेरावाली त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, “मला जोड सापडत नाही.” भाचीने मामांच्या गळ्याला मिठी मारली. मामा हसले, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

शूटिंगच्या दिवशी ऊन चढायच्या आत बाक लागला, बस आली, गल्ली काठाला गोळा झाली. आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. मामांना वाक्य पाठ होतं. दाढी करताना, अंघोळ करताना, आरशासमोर त्यांनी ते शंभरदा म्हटलं होतं. पण बाकावर बसून बाईंकडे वळायचं आणि बोलायचं म्हटलं की समोर यायचा तो डाव्या गालावरचा तीळ. सगळं उलट. जिला म्हणायचं होतं ती बाई ही नव्हेच असं वाटायचं, आणि हीच ती आहे असंही वाटायचं, आणि त्या दोन्हींमध्ये शब्द अडकायचा.

“बस आली तरी,” मामा म्हणाले आणि थांबले.

“कट,” भाची म्हणाली.

“बस उठली तरी.”

काठावर हशा पिकला. भाचीने पुन्हा सांगितलं, पुन्हा बस मागे नेली, पुन्हा आणली. घामाने वायरमनची पट्टी सुटायला लागली होती. नर्सने झुलपं मागे सारताना ती हातात येते की काय, या धास्तीने सगळ्यांचे जीव टांगणीला. टेलरबाई मात्र शांत होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात.

“सलूनवाले,” त्या ओठ न हलवता पुटपुटल्या, “माझ्याकडे बघू नका. त्या काचेत बघा.”

बसस्टॉपला एका अंगाला जाहिरातीची काच होती. मामांनी तिकडे पाहिलं. काचेत टेलरबाई बसल्या होत्या, उजव्या गालावर तीळ असलेल्या, ओळखीच्या. मामांचा जीव भांड्यात पडला. मागे बस येऊन थांबली.

“बस आली तरी उठू नका,” मामा काचेला म्हणाले. “मला सवय झालीय तुमची.”

आवाज इतका खरा निघाला की काठावरची कुजबुज थांबली. मागे वायरमन उतरला, नर्स धावली, झुलपं मागे गेली आणि जागच्या जागी राहिली. भाचीने कट म्हणायला अंमळ उशीरच केला.  “झालं,” ती म्हणाली. “सिनेमा झाला.”

टाळ्या वाजल्या. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिनेमातली मावशी बाकावरच राहिली. टेलरबाई उठल्या, पिशवी घेतली आणि बांधाबांध करायला घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दुकानापुढे हातगाडी उभी होती आणि गाडीवर शिलाई मशीन चढलेलं. मामांच्या खुर्चीत पोस्टमन, अर्ध्या तोंडाला साबण, अर्धं तोंड झालेलं.  आरशात टेलरबाईंनी दुकानाला कुलूप लावलं. मग त्या गाडीकडे न वळता सरळ रस्ता ओलांडून सलूनमध्ये शिरल्या.

“केसांची टोकं दुभंगलीत. कापून देता का?”

हे पुरुषांचं सलून आहे, असं मामांनी म्हणायला तोंड उघडलं होतं. त्याआधीच पोस्टमन उठला आणि साबणासकट बाकड्यावर जाऊन बसला. म्हातारा मुळीच मूर्ख नव्हता.

बाई खुर्चीत बसल्या. मामांनी कापड झटकलं, बांधलं. केस मोकळे सोडले. त्यांत पांढरे बरेच होते. आरशातून हे कधी दिसलं नव्हतं. मामांनी टोकं बोटांत धरून कापायला सुरुवात केली, आधी उजवी बाजू, मग सरकून डावी. डावीकडे आले आणि सवयीने नजर आरशात गेली. समोरचं दुकान रिकामं होतं. बाई इथे, हाताच्या अंतरावर, खुर्चीत होत्या. उद्यापासून दुकानात दुसरंच कुणी, आणि खुर्ची रिकामी.

कात्री थांबली.

“बाई,” मामा आरशाला म्हणाले, “तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं.”

बाईंनी पाय जमिनीला टेकवला आणि खुर्ची गर्रकन फिरवली. आता आरसा त्यांच्या पाठीला होता आणि त्या मामांच्या पुढ्यात. “आरशातल्या बाईला सांगून झालं. आता मला सांगा.”

डाव्या गालावर तीळ. मामांनी त्या तिळाकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. पळायला जागा नव्हती, आणि पहिल्यांदाच पळावंसं वाटत नव्हतं.

“जाऊ नका,” ते म्हणाले. “मला करमायचं नाही. मी इतकी वर्षं तुमच्याकडे बघत दिवस काढले. तुम्ही मला फार आवडता. मुलाकडे जा, नातवाला भेटा, पाहिजे तेवढं राहा. पण परत या.”

“हे सिनेमातलं?”

“सिनेमात सवय होती. सवय मला आरशाची आहे. तुमची ओढ आहे.”

बाकड्यावर पोस्टमनच्या गालावरचा साबण वाळून चालला होता. त्याने तो पुसलाही नाही.

“मला ठाऊक होतं,” बाई म्हणाल्या.

“कसं?”

“कॉलरची मापं घेताना गल्लीतली एकूणएक मान माझ्या टेपखाली येते. उजवा कल्ला नीट आणि डावा वर. आधी मला वाटलं, हात वाकडा असेल. मग लक्षात आलं, तुम्ही डाव्या अंगाला उभे राहता तेव्हाच मी तुमच्या आरशात येते, आणि तेव्हाच कात्री एकदा जास्त चालते.”

मामांना तोंड लपवायला जागा मिळेना. “डाव्या अंगाला उभा राहिल्यावर, हे तुम्हाला कुठून कळलं?”

बाईंनी त्यांच्याकडे, अक्कल असलेल्या माणसाने बिनअकलेच्या प्रेमळ माणसाकडे बघावं तसं पाहिलं. “अहो, तुमच्या आरशात मी दिसते, तर माझ्या दुकानातून त्याच आरशात तुम्ही दिसणार नाही का? मी काय इतकी वर्षं भिंतीकडे बघत शिवत होते?”

मामा उभे होते तिथेच स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी गिऱ्हाइकाच्या टॉवेलने पुसलं.

“निरोप द्यायला सगळी गल्ली आली,” बाई आता जरा हळू म्हणाल्या. “आजी गेल्याशिवाय नातवाचं कसं चालायचं, असं सगळे म्हणाले. थांबा असं कुणी म्हणालं नाही. त्या दिवशी जाळी शिवताना वाटलं तुम्ही म्हणाल. काल बाकावर वाटलं. आज म्हटलं, आता मीच खुर्चीत जाऊन बसते.” त्यांनी मानेभोवतीचं कापड सोडलं. “नातवाची सोय लागेपर्यंत जाऊन येते. मुलाला मीच सांगेन. आधी रुसेल, मग वळेल. दुकान मात्र गेलं. मशीन कुठे ठेवू?”

मामांनी सलूनभर नजर फिरवली, जणू ते आजच पाहत होते. “इथेच.”

हातगाडी फिरली. मशीन सलूनमध्ये आलं आणि खुर्चीच्या उजव्या हाताला, खिडकीशी बसलं. बाई जाऊन आल्या, म्हणाल्या त्यापेक्षा लवकरच आल्या. बरोबर मुलगा आला होता, कपाळाला आठ्या घालून. मामांनी त्याचे केस कापून दिले तेव्हा त्यातल्या निम्म्या उतरल्या.

शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला त्या दिवशी सगळी गल्ली नटूनथटून आली होती. बाकावरचं दृश्य लागलं, मामा काचेत बघून बोलले, आणि अंधारात कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. ती भाचीची आई होती. कॅमेरावालीही मुद्दाम आली होती. दिवे लागल्यावर तिने सवयीने लोकांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, मग भाचीला कोपराने ढोसलं.

“तुमची पद्धत बदलली की काय?”

भाचीने पाहिलं. पोस्टमन, वायरमन, बसवाला, टेलरबाईंचा मुलगा, ओळीने उभे. सगळ्यांचा डावा कल्ला अगदी मापात होता. उजवा नखाएवढा वर.